नायोबियम-टिनच्या तारेची क्षमता वाढवताना तांबं कसं सांभाळायचं

नाशिकला तांब्याचं काम नवं नाही. जुन्या गावात तांबट आळी आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि वाइंडिंगची कामं कित्येक दशकं चालत आली आहेत. अतिसंवाहक तारेच्या, म्हणजे अतिथंड केल्यावर वीज रोधाशिवाय वाहणाऱ्या तारेच्या, कामाला लागणारा हात, म्हणजे डाय, भट्टी, सोल्डरिंग, वायरकट, इथल्या कारागिरांकडे आणि अभियांत्रिकी प्रयोगशाळांकडे तयार आहे. मात्र त्या हाताच्या दोन सवयी इथे नडतात. तार कडक झाली की तापवून मऊ करायची, ही पहिली. तारेतून किती अँपिअर जातात यावरच तिची पारख करायची, ही दुसरी. पहिल्या सवयीनं तार भट्टीत जाण्याआधीच वाया जाते. दुसरीनं कागदावर उत्तम दिसणारी तार चुंबकात गुंडाळल्यावर दगा देते.

हा लेख नायोबियम-टिनच्या (टिन म्हणजे कथील) तारेबद्दल आहे, आणि त्यातही अंतर्गत कथील पद्धतीच्या, म्हणजे आत कथलाचा गाभा ठेवून ओढलेल्या, सुमारे ०.८५ मिमी व्यासाच्या तारेबद्दल. १० ते १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकांसाठी आज हीच तार प्रामुख्यानं वापरात आहे.

आधी क्षेत्र ठरवा

चुंबक ८ टेस्लाच्या आत बसत असेल तर नायोबियम-टायटॅनियम वापरा आणि पुढची सगळी दगदग टाळा. ही तार लवचीक असते, तिला शेवटची भट्टी लागत नाही. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या मोठ्या कण-त्वरकातले द्विध्रुव चुंबक याच तारेचे आहेत. ते १.९ केल्विनला ८.३३ टेस्ला देतात. वजनानं ४७ टक्के टायटॅनियम असलेल्या या मिश्रधातूची क्षमता मधल्या उष्णोपचारांवर ठरते. ३७५ ते ४२० अंश सेल्सियसला प्रत्येकी ४० ते ८० तासांचे तीन किंवा अधिक सोक (ठरल्या तापमानाला तार ठेवून देणं) दिले की टायटॅनियमचे बारीक कण वेगळे होतात. त्यानंतर तार बरीच बारीक ओढली की ते कण पातळ पापुद्र्यांसारखे होतात आणि चुंबकीय भोवऱ्यांना (तारेत बारीक धाग्यांसारखं शिरलेलं क्षेत्र) खिळवून धरतात. मात्र ४.२ केल्विनला साडेदहा टेस्लाच्या आसपास या पदार्थाची अतिसंवाहकताच संपते. तिथे उपचार सुधारून उपयोग नसतो.

नायोबियम-टिनचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर अतिसंवाहकता जाते ते, सुमारे १८ केल्विन. टायटॅनियम किंवा टँटलम मिसळलेल्या तारेची क्षेत्रमर्यादा ४.२ केल्विनला २५ टेस्लाच्या जवळ जाते. हा पदार्थ १९५४ साली सापडला. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत तो ८.८ टेस्लाच्या क्षेत्रातही भरपूर प्रवाह वाहतो हे दिसलं, आणि उच्च क्षेत्राच्या चुंबकांची वाट खुली झाली. अडचण एकच आणि मोठी आहे: हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ आहे. म्हणून नायोबियम, तांबं आणि कथील वेगवेगळं ठेवूनच तार ओढतात, चुंबकाचं वेटोळं गुंडाळतात आणि मग भट्टीत अतिसंवाहक तयार करतात.

लक्ष्य तीन आकड्यांत लिहा

सर्नच्या त्वरकाच्या सुधारित आवृत्तीसाठी बनलेल्या चतुर्ध्रुव चुंबकांची तार हा चांगला मापदंड आहे. व्यास ०.८५ मिमी, तांबं आणि उरलेल्या भागाचं प्रमाण १.२ ला १, ४.२ केल्विनला १२ टेस्लात किमान ६३२ अँपिअर आणि १५ टेस्लात किमान ३३१ अँपिअर. तांब्याचा भाग वगळून उरलेल्या छेदावर काढलं, तर १२ टेस्लाला प्रति चौरस मिमी सुमारे २,४५० अँपिअर होतात. हा पहिला आकडा.

दुसरा आकडा तांब्याचा: आरआरआर, म्हणजे खोलीच्या तापमानाचा रोध भागिले २० केल्विनजवळचा रोध. तो किमान १५० हवा. तारेचा एखादा बिंदू क्षणभर तापला की तिथला प्रवाह तांब्यानं उचलायचा असतो आणि उष्णताही पसरवायची असते. तांबं अशुद्ध झालं की हा आधार जातो. कथील तांब्याला किती बिघडवतं याची कल्पना असू द्या. तांब्याच्या दर १,००० अणूंमागे कथलाचा एक अणू शिरला, तरी आरआरआर १० च्या खाली येतो. भांड्याच्या आतल्या बाजूची कल्हई उपकारक असते. इथे तेच कथील बॅरियर (कथलाभोवतीचं नायोबियमचं कुंपण) ओलांडून बाहेरच्या तांब्यात आलं की घात होतो.

तिसरा आकडा सब-एलिमेंटचा, म्हणजे बॅरियरच्या आतल्या नायोबियमचे तंतू, तांबं आणि कथील यांच्या एकेका गठ्ठ्याचा, व्यास. वरच्या तारेत १२७ जागांच्या रचनेत १०८ सब-एलिमेंट असतात आणि प्रत्येकाचा व्यास सुमारे ५५ मायक्रॉन असतो. भट्टीतून निघाल्यावर आतले तंतू एकमेकांना चिकटतात, त्यामुळे चुंबकीय दृष्टीनं अख्खा सब-एलिमेंट म्हणजे एकच जाड तंतू. तो जितका जाड, तितके कमी क्षेत्रात चुंबकीय झटके (क्षेत्र अचानक आत सरकून तार तापणं) जास्त.

हे तिन्ही आकडे एकमेकांना ओढतात. भट्टी जास्त वेळ चालवली की प्रवाह वाढतो, पण बॅरियर खाल्लं जातं आणि आरआरआर पडतो. सब-एलिमेंट बारीक केले की झटके कमी होतात, पण बॅरियरही त्याच प्रमाणात पातळ होतं. म्हणून एकच आकडा उंचावण्याचं लक्ष्य कधीही ठेवू नका. आमच्या मते घसरू द्यायचा नाही असा आकडा आरआरआरचा आहे. प्रवाहात तीन टक्के कमी पडले तर आरेखनात सावरता येतात. विषारी झालेलं तांबं सावरता येत नाही.

तार ओढताना

तांबट भांडं ठोकताना मध्येच तापवतो, कारण ठोकून तांबं कडक होतं. साध्या तांब्याच्या तारेचंही तसंच. अंतर्गत कथील तारेत हे करायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि तांब्याला टेकलेलं असेल तर दोघांच्या मिश्रणाचा द्रव २२७ अंशांनाच तयार होतो. एकदा मऊ करायला तापवलं की आत ठिसूळ तांबं-कथील संयुगं होतात आणि पुढच्या डायला तार तुटते. कथील आत घातल्यापासून शेवटच्या व्यासापर्यंत सगळं ओढकाम थंडच.

त्यामुळे जोडणीच्या वेळची स्वच्छता फार महत्त्वाची ठरते. नायोबियमच्या सळ्या आणि तांब्याच्या नळ्या जोडणीआधी आम्लात धुवा, ऊर्ध्वपातित पाण्यानं खळबळा, अल्कोहोलनं पुसा, आणि त्याच दिवशी भरून नळीतली हवा काढून बंद करा. पावसाळ्यात धुतलेलं तांबं रात्रभर उघडं ठेवलं की त्यावर ऑक्साइडचा थर येतो. थर चिकटायला हवेत तिथे तो चिकटू देत नाही, आणि पुढे तंतू एकसारखा न ओढला जाता कुठे जाड, कुठे बारीक होतो.

प्रत्येक डायला छेदात १५ ते २० टक्के घट पुरेशी. गडबडीत ती वाढवली तर कथलाचा मऊ गाभा आणि नायोबियमचा कडक घेर वेगवेगळ्या वेगानं सरकतात, आणि तारेच्या आत, बाहेरून न दिसणारे तडे जातात. वंगण आणि डाय थंड ठेवा. तार हाताला चटका देत असेल तर वेग कमी करा. शेवटच्या व्यासाला आल्यावर पीळ द्या. ०.८५ मिमीला १९ मिमीत एक पीळ ही रूढ खूण आहे. भट्टीनंतर पीळ देता येत नाही.

तयार तार घेणाऱ्यांनीही एक चाचणी करावी. तिचा तुकडा रोलरमधून १५ टक्के चपटा करा, म्हणजे ०.८५ वरून सुमारे ०.७२ मिमी. केबल (अनेक तारांची वेणी) वळताना कडेच्या वळणावर तारेची जी गत होते, तिची ही नक्कल. गोल तुकडा आणि चपटा तुकडा एकाच भट्टीत भाजा आणि दोन्हींचा आरआरआर मोजा. चपट्याचा १०० च्या खाली गेला तर बॅरियरला दाब सोसत नाही. ही तार सोलेनॉइडला (एकाच तारेच्या साध्या गोल वेटोळ्याला) चालेल, केबलला नाही.

भट्टी

खरी सुधारणा इथेच होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. चुंबकीय क्षेत्र तारेत बारीक भोवऱ्यांच्या रूपानं शिरतं. १२ टेस्लाला दोन भोवऱ्यांतलं अंतर सुमारे १४ नॅनोमीटर असतं. प्रवाह त्यांना ढकलतो. ते सरकले की रोध येतो. नायोबियम-टिनमध्ये त्यांना धरून ठेवतात त्या स्फटिककणांच्या सीमा. नेहमीच्या तारेत कण १०० ते १५० नॅनोमीटरचे, म्हणजे भोवऱ्यांच्या मानानं बरेच मोठे. कण जितके बारीक, तितक्या सीमा जास्त. भट्टी जितकी गरम, तितके कण मोठे होतात. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, कथलाचं प्रमाण २५ टक्के अणूंच्या जवळ पोचलं तरच पदार्थ पूर्ण ताकदीचा होतो. १८ टक्क्यांवर क्रांतिक तापमान ६ केल्विनपर्यंत घसरतं. कथील आतपर्यंत सारखं पोचवायला भट्टी गरम हवी. म्हणून १२ टेस्लासाठी उत्तम ठरणारी भट्टी आणि १६ टेस्लासाठी उत्तम ठरणारी भट्टी एक नसते. कमी क्षेत्रात बारीक कण जिंकतात, जास्त क्षेत्रात कथलाचं प्रमाण. टायटॅनियम मिसळलेली तार टँटलमवाल्या तारेपेक्षा थोड्या कमी तापमानाला तयार होते, हा तिचा एक फायदा.

वरच्या तारेचा सुरुवातीचा कार्यक्रम असा घ्या:

१. खोलीच्या तापमानापासून २१० अंशांपर्यंत ताशी २५ अंशांनी चढवा आणि ४८ तास ठेवा. इथे कथील घन असतानाच तांब्यात मिसळू लागतं.

२. ताशी ५० अंशांनी ४०० पर्यंत न्या आणि पुन्हा ४८ तास ठेवा. सुरुवातीला तयार झालेलं कथीलबहुल संयुग ४१५ अंशांना फुटून द्रव होतं. त्याआधीच त्याचं जास्त तांब्याच्या, न वितळणाऱ्या संयुगात रूपांतर व्हायला हवं.

३. ताशी ५० अंशांनी ६६५ पर्यंत न्या आणि ५० तास ठेवा. नायोबियम-टिन इथे तयार होतं.

४. भट्टी बंद करून आपोआप निवू द्या. आर्गॉन चालूच ठेवा, हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत दार उघडू नका.

चढण आणि सोक मिळून हे सुमारे १६३ तास होतात, म्हणजे निवण्याचा वेळ सोडून सात दिवसांना थोडं कमी. इतका वेळ अखंड वीज गृहीत धरू नका. औद्योगिक वसाहतीत आठवड्याचा एक दिवस वीज बंद राहण्याची शक्यता धरूनच मांडणी करा. भट्टीला जनरेटर आणि कंट्रोलरला वेगळा यूपीएस द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंट्रोलरमधली 'वीज परत आल्यावर काय' ही सेटिंग. ती 'सुरुवातीपासून' अशी असेल तर ४०० च्या सोकमधली भट्टी पुन्हा २१० चा कार्यक्रम सुरू करते. 'जिथे होतं तिथून, तापमान गाठल्यावरच वेळ मोजून' असं ठेवा. शेवटच्या सोकमध्ये खंड पडला तर गेलेले तास भरून काढणं बऱ्याच अंशी चालतं. पहिल्या दोन सोकमध्ये खंड पडला तर त्या घाण्याची वेगळी नोंद ठेवा आणि साक्षीदार तुकडे (वेटोळ्यासोबतच भाजलेले त्याच तारेचे नमुने) मोजल्याशिवाय वेटोळं पुढे जाऊ देऊ नका.

पहिल्या दोन टप्प्यांत तापमानाचा मुक्काम ओलांडला जाणं धोक्याचं आहे. २१० वरून २२७ पर्यंत १७ अंशांचीच जागा आहे, आणि ४०० वरून ४१५ पर्यंत १५ अंशांची. कंट्रोलर नीट ट्यून नसेल तर चढणीच्या शेवटी भट्टी सहज २० अंश पुढे जाते. कथील वितळून फुगतं, कमकुवत जागी सब-एलिमेंट फोडतं, आणि तारेवर राखाडी पुळ्या दिसतात. त्या दिसल्या की तार संपली. आधी त्याच वजनाचं स्टील आत ठेवून रिकामा घाणा चालवा आणि पाच ठिकाणी थर्मोकपल (तारेचा तापमापक) लावून नकाशा काढा. कामाच्या जागेत सगळीकडे अधिक-उणे ३ अंशांच्या आत तापमान यायला हवं. के-टाइप थर्मोकपलच्या पहिल्या वर्गालाही ०.४ टक्के सूट असते, म्हणजे ६६५ ला सुमारे २.७ अंश. सगळी मुभा तिथेच खर्च होते. कॅलिब्रेट केलेलं एन-टाइप घ्या. मधल्या तापमानांना के-टाइपचं वाचन सरकतं आणि आपले दोन सोक नेमके तिथे आहेत.

४०० च्या आसपास आणखी एक गोष्ट घडते. नायोबियम, तांबं आणि कथील या तिघांचं 'नॉसाइट' नावाचं संयुग नायोबियमच्या तंतूंभोवती कडं करून बसतं. ते जाड झालं की नंतर तिथे मोठ्या कणांचं, सुटं, निरुपयोगी नायोबियम-टिन तयार होतं. या कड्यावर नियंत्रण ठेवायला मधला टप्पा ३७० च्या आसपास आणि बराच लांब ठेवण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. बारीक व्यासाच्या तारांना त्याचा विशेष फायदा होतो. पहिला कार्यक्रम स्थिरावल्यानंतरच याला हात घाला.

मांडणीचे बारकावे असे. गुंडाळण्याआधी तार ॲसिटोननं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तेलाचा अंश राहिला की कार्बन होतो. आर्गॉन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा घ्या. पावसाळ्यात भट्टीतली सिरॅमिकची लोकर ओल धरते, म्हणून काम ठेवण्याआधी भट्टी १५० अंशांना काही तास रिकामी चालवा. ६६५ अंशांना तांब्याला तांबं चिकटतं. तारा एकमेकींना टेकू देऊ नका, आणि स्टीलचं मँड्रेल (तार गुंडाळायचा साचा) आधी हवेत तापवून त्यावर ऑक्साइड येऊ द्या. तारेच्या कापलेल्या टोकांतून कथील बाहेर झिरपतंच. टोकं दाबून बंद करा, दोन्हीकडे २० सेंमी जास्तीची लांबी ठेवा, टोकांखाली ॲल्युमिनाची लहान थाळी ठेवा आणि नंतर ती लांबी कापून टाका. तार भाजताना थोडी जाडही होते. घट्ट साच्यात तिला जागा ठेवली नाही तर ती स्वतःलाच चिरडते.

कार्यक्रम सुधारायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले दोन टप्पे तसेच ठेवून शेवटचा ५० तासांचा सोक ६४०, ६५०, ६६५ आणि ६८० ला करा. मग उत्तम तापमानाला ३०, ५० आणि ७५ तास. प्रत्येक घाण्यात त्याच रिळाचे किमान तीन गोल आणि एक चपटा तुकडा असू द्या.

मोजणी: स्वस्त ते महाग

द्रव हेलियम नाशिकला मुंबईसारख्या ठिकाणाहून, कसारा घाट चढून, ड्युअरमध्ये (थर्मॉससारख्या भांड्यात) आणावं लागतं. ते वाटेतही उडत असतं. म्हणून ज्या तुकड्याचा दोष खोलीच्या तापमानाला दिसतो त्यावर हेलियम घालवू नका.

पहिली पायरी सूक्ष्मदर्शक. तुकडा रेझिनमध्ये बसवा, ४०० ते १२०० नंबरच्या पेपरवर घासा, मग ६, ३ आणि १ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टवर, शेवटी कोलॉइडल सिलिकावर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक सब-एलिमेंटभोवती न खाल्लेलं नायोबियम किती उरलं ते मोजा. सरासरी नको, सगळ्यात पातळ जागा शोधा. कथील तिथूनच पळतं. नायोबियम कोरायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आणि प्रशिक्षित माणूस समोर नसेल तर या आम्लाची बाटली उघडू नका.

दुसरी पायरी आरआरआर. तांब्याचा छेद साधारण ०.३१ चौरस मिमी, म्हणजे व्होल्टेज टॅपमधल्या (व्होल्टेज मोजायला तारेवर लावलेल्या जोडांमधल्या) १० सेंमीला खोलीत सुमारे ५.४ मिलिओहम. आरआरआर १५० असेल तर २० केल्विनला ३६ मायक्रोओहम. १ अँपिअर सोडला तर ३६ मायक्रोव्होल्ट, आणि तारांच्या जोडांतून येणारं उष्णताजन्य व्होल्टेजही तेवढंच असू शकतं. प्रवाह उलटसुलट करून दोन्ही वाचनांच्या फरकाचं अर्ध घ्या. तुकडा ड्युअरच्या गळ्यात हेलियमच्या पातळीवरून हळूहळू वर उचला. अतिसंवाहकता सुटल्याबरोबर दिसणारा सपाट रोध हवा आहे, चढता नव्हे. केबलमधून काढलेल्या तारेवर टॅप जवळजवळ लावा आणि कडेच्या वळणांचा आरआरआर वेगळा काढा. लांब टॅपची सरासरी तिथला बिघाड झाकून टाकते.

तिसरी पायरी क्रांतिक प्रवाह, म्हणजे अतिसंवाहकता न सोडता तार वाहू शकते तो कमाल प्रवाह. टायटॅनियमच्या ६-४ मिश्रधातूचं, सुमारे ३२ मिमी व्यासाचं, आट्यांची खाच असलेलं बॅरल लागतं. अंबडमधला कुठलाही चांगला सीएनसीवाला ते कातून देईल. धातू मात्र बदलू नका. गार होताना बॅरल तारेपेक्षा कमी-जास्त आकसलं की तारेतला ताण बदलतो, ताणासोबत प्रवाहही बदलतो, आणि मग तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जुळत नाही. टोकाच्या तांब्याच्या कड्यांवर तार किमान एक पूर्ण वेढा सोल्डर करा. टॅप ५० सेंमीवर लावा. मग प्रति मीटर १० मायक्रोव्होल्टचा रूढ निकष म्हणजे ५ मायक्रोव्होल्ट. प्रवाहाची दिशा अशी ठेवा की चुंबकीय बल तारेला बॅरलवर दाबेल. उलट ठेवली तर तार खाचेतून उठते आणि तुटते.

आधी द्रव नायट्रोजननं ७७ केल्विनपर्यंत गार केलंत तर हेलियम बरंच वाचतं. पण नायट्रोजनचा थेंबही उरू देऊ नका, तो गोठून टॅप उपटतो. एक वॉट उष्णतेनं ताशी सुमारे १.४ लिटर हेलियम उडतं. मोजणीची खोली बंदिस्त असेल तर ऑक्सिजन अलार्म १९.५ टक्क्यांवर लावा.

मोजणी नाशिकलाच केली तर एक दुरुस्ती लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे हेलियम ४.२२ नव्हे, ४.१५ केल्विनच्या जवळ उकळतं. १२ टेस्लाला त्यानं क्रांतिक प्रवाह सुमारे एक टक्का जास्त दिसतो. ड्युअरमधला दाब लिहून ठेवा आणि आकडा ४.२ ला आणा. तारेचं स्वतःचं क्षेत्रही धरा. ६०० अँपिअरला ०.८५ मिमी तारेच्या पृष्ठभागावर ते ०.२८ टेस्ला असतं.

आकडे वाचताना

प्रवाह कमी आणि आरआरआर ३०० च्या वर असेल तर तार कच्ची आहे. शेवटचा सोक वाढवायला वाव आहे. प्रवाह चांगला आणि आरआरआर ६० असेल तर तार जास्त भाजली गेली किंवा बॅरियर फुटलं. कोणतं, ते सूक्ष्मदर्शक सांगतो: सगळीकडे सारखं पातळ झालं असेल तर भट्टी, एखाद-दुसरा सब-एलिमेंट फुटला असेल तर ओढकाम. दोन्ही कमी असतील तर कथील बाहेर गेलं. टोकांची जास्तीची लांबी आणि तारेवरच्या पुळ्या तपासा.

व्होल्टेज किती झपाट्यानं चढतं हेही पाहा. व्होल्टेज प्रवाहाच्या कितव्या घातानं वाढतं तो आकडा, म्हणजे एन-मूल्य, ३० च्या खाली असेल तर तंतू जाड-बारीक आहेत किंवा भाजल्यानंतर हाताळताना तडकले आहेत. शेजारशेजारच्या टॅप-जोड्यांत मोठा फरक आला तर हाताळणीचाच दोष धरा. भट्टी ५० सेंमीत इतका फरक करत नाही. १२ टेस्लाला उत्तम आणि २ ते ४ टेस्लाच्या दरम्यान अवेळी क्वेंच (अतिसंवाहकता अचानक सुटणं), ही चुंबकीय झटक्यांची खूण. इथे भट्टीनं प्रवाह आणखी वाढवलात तर दुखणं वाढेल. आरआरआर वाढवा, किंवा बारीक सब-एलिमेंटची तार घ्या.

क्षेत्रमर्यादा सरळ मोजणं सहसा शक्य नसतं. चार-पाच क्षेत्रांतले प्रवाह घ्या, प्रवाहाचं वर्गमूळ गुणिले क्षेत्राचं चौथं मूळ काढा आणि क्षेत्रासमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा शून्याला जिथे टेकते ती मर्यादा. दोन भट्ट्यांची तुलना करताना रेषेचा उतार कणांबद्दल बोलतो आणि टेकण्याची जागा कथलाच्या प्रमाणाबद्दल. १५-१६ टेस्लाचं चुंबक बनवणाऱ्यांनी टेकण्याच्या जागेकडे जास्त लक्ष द्यावं.

भाजल्यानंतर

भाजलेली तार सरळ करू नका. वाकवण्यातला ताण म्हणजे तारेची त्रिज्या भागिले वळणाची त्रिज्या. ०.८५ मिमी तार १०० मिमी त्रिज्येवर वळवली तर ०.४३ टक्के होतो, आणि तो फार झाला. ०.१ टक्क्याच्या आत राहायचं तर वळणाची त्रिज्या ४२५ मिमी हवी. म्हणून लहान चुंबक आधी गुंडाळून मगच भाजतात. काचतंतूचं वेष्टन भट्टीआधीच चढवावं लागतं, आणि त्यावरच्या कारखान्यातल्या स्टार्चचा कार्बन होऊन वेढ्यांत शॉर्ट होतो. वेष्टन आधी तापवून ते जाळून घ्या. भाजल्यावर वेटोळं रेझिननं भरल्याशिवाय उचलू नका, आणि बांधणीत आडवा दाब १५० मेगापास्कलच्या पुढे जाऊ देऊ नका.

पुढची तार

नेहमीच्या नायोबियम-टिनमध्ये भट्टीनं मिळवण्यासारखं आता थोडंच उरलं आहे. भावी त्वरकांसाठी १६ टेस्लाला प्रति चौरस मिमी १,५०० अँपिअरचं लक्ष्य ठेवलं गेलं आहे, आणि तिथपर्यंत जायचा रस्ता कणांतून जातो. नायोबियममध्ये १ टक्का झिर्कोनियम मिसळून आत कथील ऑक्साइडची पूड ठेवली, की भट्टीत ऑक्सिजन झिर्कोनियमकडे जातो आणि त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते नायोबियम-टिनच्या कणांना वाढू देत नाहीत आणि कण ३५ ते ५० नॅनोमीटरवर थांबतात. नायोबियमसोबत ४ टक्के टँटलम आणि १ टक्का हाफनियम घेतल्यासही कण बारीक राहतात. अशी तार हाती आली तर तिला वरचा कार्यक्रम जसाच्या तसा लावू नका. ऑक्सिजनला तंतूत शिरायला वेळ द्यावा लागतो, आणि हे मिश्रधातू ओढताना साध्या नायोबियमपेक्षा लवकर कडक होतात. डायची घट १५ टक्क्यांच्या खाली ठेवा आणि सुरुवात फक्त मीटरभर लांबीच्या तुकड्यांवर करा.